वाचायची वेळ आली की पोट दुखतं : डिस्लेक्सियाचा आणि पचनाचा काही संबंध असतो का?

रानजाई

नमस्कार. माझा मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत आहे. गेल्या वर्षी रीतसर चाचण्या झाल्या आणि डिस्लेक्सियाचं निदान झालं. ऐकलेलं सगळं समजतं, गोष्ट सांगितली तर बारीकसारीक तपशिलासकट परत सांगतो, तोंडी गणितं पटापट करतो. पुस्तक समोर आलं की मात्र गाडी अडते. पहिलं अक्षर बघून अंदाजाने शब्द ठोकतो. 'कारखाना'चं 'कारण' होतं, 'परंतु'चं 'परत'. एका ओळीत धडपडून वाचलेला शब्द पुढच्या ओळीत पुन्हा आला, तरी तो त्याला नवाच असतो.

माझा प्रश्न त्याच्या पोटाबद्दल आहे. जवळजवळ रोज सकाळी बेंबीपाशी दुखतं म्हणतो. कधी उमासे येतात. दोन-दोन, तीन-तीन दिवस शौचाला होत नाही, आणि होते तेव्हा खडा. शाळेत संडासला जायचंच नाही, असं त्याने ठरवूनच टाकलंय. वजन-उंची ठीक आहे, रात्री शांत झोपतो.

नात्यातल्या एकांनी मला एक लेख पाठवला. त्यात म्हटलंय की डिस्लेक्सिया हा मुळात आतड्यांचा आजार आहे. आतडी 'गळकी' होतात, त्यातून विषारी द्रव्यं मेंदूत जातात आणि म्हणून अक्षरं कळत नाहीत. त्यांच्याच ओळखीच्या आहारसल्लागारांनी सुचवलंय की गहू आणि दूध सहा महिने पूर्ण बंद करा, प्रोबायोटिक (पोटाला उपकारक जिवाणूंच्या) कॅप्सूल सुरू करा, आणि तोवर वाचनाचे खास तास थांबवा, म्हणजे मुलावर ताण येणार नाही. नवरा म्हणतो, करून बघायला काय हरकत आहे? माझं मन घेत नाही. पण सकाळी तो पोट धरून पलंगावर मुटकुळं करून बसलेला असतो, ते बघवत नाही. हे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं का? कुणी यातून गेलंय का?

उंबरसावली

ताई, एवढंच घाईघाईने लिहिते. तपासणी झाल्याशिवाय गहू बंद करू नका. माझ्या मुलीला सीलिएक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्यांना इजा होते. त्याची पहिली चाचणी रक्ताची असते. गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती त्यात मोजतात. गहू आधीच बंद केला असेल तर ती कमी होतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग खरं काय ते कळण्यासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो, आणि तो काळ मुलासाठी फार वाईट असतो. सीलिएक जगात साधारण शंभरात एकाला असतो, म्हणजे अगदी दुर्मीळ नाही. आधी चाचणी, मग काय बंद करायचं ते ठरवा.

पाटीपेन्सिल

रानजाईताई, मी वाचनात अडचण असलेल्या मुलांना शिकवते, आणि माझ्या धाकट्या भावाला डिस्लेक्सिया आहे. त्यामुळे सकाळची पोटदुखी मी घरात पाहिली आहे आणि कामावर रोजच पाहते. मी डॉक्टर नाही. पोटाबद्दल जे लिहिते आहे ते मुलांच्या डॉक्टरांशी बोलून पक्कं करून घ्या.

पहिली गोष्ट, त्याचं पोट खरंच दुखतंय. हे मी आवर्जून सांगते, कारण डॉक्टरांना काही सापडलं नाही की घरात कुणीतरी 'नाटकं करतो' म्हणतंच, आणि तेव्हापासून मूल दुखणं सांगायचंच बंद करतं. आतड्यांच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं. पोटाकडून मेंदूकडे आणि मेंदूकडून पोटाकडे व्हेगस नावाच्या नसेतून सतत निरोप जात असतात. भीती वाटली की पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो, मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि एरवी जाणवणारही नाही असा आतला ताण दुखणं म्हणून जाणवायला लागतो. जॉन ॲपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने ब्रिस्टलमधली हजार शाळकरी मुलं तपासून १९५८ साली लिहिलं होतं की दहातल्या साधारण एका मुलाला अशी वारंवार पोटदुखी असते आणि त्यातल्या बहुतेकांच्या पोटात कुठलाही आजार सापडत नाही. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका शारीरिक कारणाचा संशय जास्त, हा त्याचा ठोकताळा डॉक्टर आजही लक्षात ठेवतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. डिस्लेक्सिया पोटातून येतो का? नाही. बोललेल्या शब्दातले सुटे आवाज ओळखणं आणि ते अक्षरांशी जोडणं, ही त्यातली मुख्य अडचण. ती बऱ्याच अंशी जन्मतः येते. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ७० टक्के निघतो. २०२२ साली पन्नास हजारांहून अधिक डिस्लेक्सिक लोकांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जनुकसंचातल्या ४२ जागा याच्याशी जोडलेल्या सापडल्या. मला सगळ्यात पटलेला पुरावा फिनलंडमधला आहे. ज्यांच्या घरात डिस्लेक्सिया आहे अशा कुटुंबांतल्या मुलांचा तिथे युवास्क्युला शहरात जन्मापासून मागोवा घेतला. बोलण्यातल्या आवाजांना या नवजात बाळांच्या मेंदूचा प्रतिसादच इतर बाळांपेक्षा वेगळा दिसला. त्या बाळांनी तोवर गव्हाचा कणही खाल्लेला नव्हता.

मग हा आतड्यांचा विषय आला कुठून? त्याला एक जुना, खरा धागा आहे. १९८२ साली नॉर्मन गेश्विंड आणि पीटर बेहान या दोन मेंदुविकारतज्ज्ञांनी लिहिलं की ठळकपणे डावखुऱ्या लोकांत आणि त्यांच्या घरच्यांत डिस्लेक्सियासारख्या अडचणी आणि रोगप्रतिकारशक्ती बिघडून होणारे आजार, दोन्ही जास्त दिसतात. त्या आजारांत थायरॉइडचे आणि आतड्यांचे आजार ठळक होते. कल्पना मोठी आकर्षक होती आणि तिच्यावर पुढे बरीच वर्षं काम झालं. १९९४ मध्ये ब्रायडन, मॅकमॅनस आणि बुलमन-फ्लेमिंग यांनी तोवरचा सगळा पुरावा एकत्र तपासला आणि तो त्या सिद्धान्ताला आधार देत नाही असा निष्कर्ष काढला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लेखांत यातलं पहिलं पान असतं, दुसरं नसतं.

दुसरी सरमिसळ स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) होते. स्वमग्न मुलांत बद्धकोष्ठ, जुलाब, पोटदुखी जास्त प्रमाणात असते, हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. तेच वाक्य उचलून त्यात डिस्लेक्सिया, अतिचंचलता, सगळं एका माळेत ओवलं जातं. अशा लेखांत सेरोटोनिनचंही येतं, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं जे रसायन असतं त्याचं. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात बनतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं वेगळं बनवतो.

तरीही तुमच्या मुलाच्या बाबतीत पोट आणि वाचन गुंतलेलं आहे, असंच मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. फक्त बाण उलट्या दिशेने आहे. वाचनाची धास्ती पोटात उतरते.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं सांगते. वाचताना तिचं उजवं बोट ओळीवर असतं आणि डावा हात पोटावर, सदऱ्याचं टोक मुठीत धरलेलं. धडा तिच्या ताकदीबाहेरचा असला की ती मूठ घट्ट होत जाते, श्वास वरच्यावर चालतो, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला 'बाई, पोटात कसंतरी होतंय' येतं. मग मी पान बदलते. तिने शिकलेल्या जोडण्याच ज्यात आहेत असा उतारा देते. काही वेळाने तो हात आपसूक पानावर येतो, पुढच्या ओळीची जागा धरायला. यात मी तिच्या खाण्यातलं काहीच बदललेलं नसतं.

पण तुमच्या मुलाचं सगळंच धास्तीवर ढकलू नका. बद्धकोष्ठ हा त्याच्या पोटाचा स्वतंत्र आणि खरा प्रश्न आहे, आणि तो बरा होण्यासारखा आहे. शाळेत जायचं नाही म्हणून मूल दाबून धरतं, मळ साठतो, कडक होतो, जाताना दुखतं, म्हणून ते आणखी दाबून धरतं. गुदाशय ताणला गेला की 'लागली आहे' ही जाणीवच बोथट होते. भूक मरते, उमासे येतात, बेंबीपाशी कळा येतात. म्हणजे तुम्ही लिहिलेलं बरंचसं निव्वळ यातूनही होऊ शकतं. डॉक्टर मळ मऊ करणारं औषध देतात आणि ते बरेचदा काही महिने चालू ठेवावं लागतं. चार दिवसांत पोट साफ झालं म्हणून लोक बंद करतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जेवणानंतर आतड्यांना आपोआप चालना मिळते, तेव्हा पाच-दहा मिनिटं बसवायचं. पायाखाली पाट द्यायचा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि कुंथावं लागत नाही.

शेवटचं, आणि यावर मी भांडायला तयार आहे. वाचनाचे तास थांबवू नका. आवाज आणि अक्षर यांची पायरीपायरीने, उघडपणे शिकवलेली जोडणी, हाच वाचनाच्या अडचणीवरचा सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय आहे. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीने २००० साली अनेक प्रयोग तपासून हेच सांगितलं, आणि नंतरच्या कामानेही ते टिकवलंय. तिसरीतले सहा महिने फार मोठे असतात. त्या काळात वर्ग पुढे जातो, दरी वाढते आणि पोटदुखीचं कारणच वाढतं. 'करून बघायला काय हरकत'चं उत्तर हे आहे.

हिरवीशाई

मी आता चाळिशीचा आहे. लहानपणी मला डिस्लेक्सिया म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं, 'आळशी' एवढंच कळलं होतं. वर्गात एकेकाने एकेक परिच्छेद वाचायचा असे. माझं लक्ष धड्यात कधीच नसायचं. पुढे किती जण आहेत ते मोजून माझ्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते शोधायचो आणि तो मनात घोकायचो. मध्ये कुणी गैरहजर निघालं की सगळा हिशेब कोसळायचा आणि पोटात असा पीळ पडायचा की बाकावर वाकूनच बसावं लागे. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, ॲसिडिटीचं दिलं. सुट्टीत मी ठणठणीत असायचो, आणि त्यावरून मला खोटारडा ठरवलं गेलं.

ताई, त्याला शाळेत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावतात का, ते आधी विचारा. माझ्यासाठी सगळं त्या एका गोष्टीत होतं. आजही मला वाचायला वेळ लागतो, पण बैठकीचे कागद आदल्या दिवशी हातात आले की पोट कुरकुरत नाही.

कोवळंऊन

इथे सगळे आहाराच्या विरोधात बोलताहेत म्हणून लिहिते. माझ्या मुलीला आम्ही ओमेगा-३ (माशांच्या तेलात असतात ती मेदाम्लं) सुरू केलं आणि तिच्या वाचनात फरक पडला. इंग्लंडमध्ये यावर अभ्यासही झालाय म्हणतात. मग पोटातून जे जातं त्याचा मेंदूवर परिणाम होत नाही असं कसं म्हणता येईल?

पाटीपेन्सिल

कोवळंऊन, तुमच्या मुलीचं वाचन सुधारलं याचा मनापासून आनंद आहे. खाण्याचा मेंदूवर परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. तो अभ्यास खरा आहे आणि त्याची पुढची गोष्टही सांगण्यासारखी आहे.

२००५ साली डरहॅममध्ये हालचालींच्या समन्वयात अडचण असलेल्या ११७ मुलांवर प्रयोग झाला. तीन महिने मेदाम्लं दिलेल्या मुलांचं वाचन आणि स्पेलिंग जास्त सुधारलं. मोठी आशा निर्माण झाली. मग ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वाचनात मागे असलेल्या ३६२ मुलांवर प्रयोग केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या गटात मिळून फरक दिसला नाही. अगदी मागे असलेल्या मुलांत थोडा दिसला. म्हणून त्यांनीच फक्त तशी ३७६ मुलं घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला. २०१८ मध्ये निकाल आला, काहीच फायदा नाही. ज्यांनी आशा निर्माण केली त्यांनीच ती पुन्हा तपासली आणि आलेला निकाल छापला, याबद्दल मला त्या लोकांचा फार आदर वाटतो.

आणि हो, एका ठिकाणी पोटाचा वाचनावर परिणाम खरोखर होतो. लोह कमी असेल, बी-१२ कमी असेल, सीलिएकमुळे खाल्लेलं अंगी लागत नसेल, तर मूल थकतं, चिडचिडतं, त्याचं लक्ष टिकत नाही. २००४ मधल्या एका अभ्यासात सीलिएक असलेल्यांत डोकेदुखी आणि शिकण्यातल्या अडचणी जास्त आढळल्या होत्या. अशा मुलाची कमतरता भरून काढली की ते ताजंतवानं होऊन शिकायला बसतं, आणि ते करायलाच हवं. पण आवाज-अक्षरांची जोडणी त्याला तरीही शिकवावीच लागते. सीलिएक असेल तर गहू कायमचा बंद, तोही काटेकोर. सीलिएक नसताना वाढत्या मुलाचा गहू आणि दूध दोन्ही काढून घेतलं तर कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून येणार हे आधी ठरवावं लागतं. त्यातून जे मूल आधीच वर्गात वेगळं पडलंय, ते डब्यातही वेगळं पडतं.

प्रोबायोटिकचं म्हणाल तर वारंवार पोटदुखी असलेल्या काही मुलांना त्याचा थोडा उपयोग होतो. ते पोटासाठी, आणि डॉक्टरांना विचारून. त्याने वाचन सुधारतं असं सांगून कुणी विकत असेल तर घेऊ नका.

रानजाई

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. हिरवीशाई, तुमचं वाचून मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. वर्गात रोज पहिल्याच तासाला ओळीने मोठ्याने वाचायला लावतात. कुणी अडखळलं की मागची मुलं शब्द ओरडून सांगतात. हे त्याने मला आजवर सांगितलंच नव्हतं. आणि बघायला गेलं तर रविवारी सकाळी पोट दुखत नाही, रविवारी रात्री मात्र जेवण जात नाही.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यांना नेमकं काय सांगू? शाळेला काय लिहू? आणखी एक, त्याचं लक्ष फार उडतं म्हणून अतिचंचलतेची तपासणीही सुचवली आहे. त्याचा इथे काही संबंध आहे का?

पाटीपेन्सिल

डॉक्टरांकडे जाताना छोटी नोंद घेऊन जा : दुखणं कधी सुरू होतं, कधी थांबतं, शौच कधी आणि कशी झाली, त्या दिवशी शाळा होती की सुट्टी. तुम्ही वर लिहिलेलं रविवारचं तर नक्की सांगा. शाळेत संडासला जात नाही हे विसरू नका, ते ऐकून डॉक्टर पोट हाताने चाचपून बघतील. सीलिएकची आणि रक्तक्षयाची चाचणी करायची का, हे तुम्हीच विचारा. वजन घटणं, उंची खुंटणं, शौचातून रक्त, पुन्हा पुन्हा ताप, वारंवार उलट्या, दुखण्याने रात्री जाग येणं, गिळताना त्रास, बेंबीपासून दूर एकाच जागी दुखणं, किंवा घरात कुणाला आतड्यांचा दाहाचा आजार किंवा सीलिएक असणं, यातलं काहीही असेल तर ते आधी सांगा. अशा वेळी धास्तीवर बोट ठेवून थांबायचं नसतं.

अतिचंचलतेचा संबंध आहे. डिस्लेक्सिया असलेल्या बऱ्याच मुलांत ती सोबत असते, आणि अशा मुलांत बद्धकोष्ठही जास्त दिसतं. खेळात किंवा कामात गुंतलं की शरीराची हाक ऐकायची राहून जाते. पुढे मेथिलफेनिडेट हे अतिचंचलतेवरचं औषध द्यायचं ठरलं तर त्याने भूक कमी होते आणि पोटही दुखू शकतं. म्हणून आत्ताची पोटदुखी औषध सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवलेली बरी, नाहीतर नंतर कशामुळे काय ते कळत नाही. पोटाचं सगळं बघूनही धास्ती राहिली तर मानसोपचाराची मदत घ्या. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचाराने अशी पोटदुखी कमी होते, त्यावर मुलांमध्ये चांगलं काम झालेलं आहे.

शाळेला लांबलचक पत्र लिहू नका, वाचलं जात नाही. वर्गशिक्षिकांना समोरासमोर भेटा आणि दोनच गोष्टी मागा. त्याला सर्वांसमोर अचानक वाचायला लावू नये. वाचायचंच असेल तर उतारा आदल्या दिवशी घरी द्यावा, किंवा त्याने एकट्या बाईंसमोर वाचावं. आणि संडासला जायला हात वर करून विचारावं लागू नये, नुसती खूण पुरावी. निदानाच्या अहवालाची प्रत सोबत ठेवा. नकार आला तर मुख्याध्यापकांकडे जा.

मुलालाही सांगा की तू वर्गातलं सांगितलंस ते बरं केलंस. वाचनाचा पुढचा तास कधी आहे? त्या शिक्षकांनाही रविवारचं कळू दे. आठवड्याची सुरुवात त्याला येणाऱ्या उताऱ्याने करता येईल.